दोनातच्या नावावर

रोजगार कचेरीच्या फॉर्मवर सगळ्यात मोठा रकाना असतो तो आजवरच्या नोकऱ्यांचा. तेक्लाने त्या एवढ्या मोठ्या रकान्यात एकच ओळ लिहिली होती. ओल्शी गावच्या शाळेत स्वयंपाकीण, एकोणीस वर्षं. पुढे शाळा बंद पडली आणि त्या ओळीखाली सहा वर्षांचा कोरा कागद.

समोर बसलेली सानिता तशी मनाने वाईट नव्हती. लुद्झा शहरातल्या त्या कचेरीत दिवसभर अशीच माणसं यायची, पन्नाशी उलटलेली, हात खरखरीत झालेली, आणि त्यांना कॉम्प्युटरच्या वर्गाला पाठवून पाठवून ती बिचारी स्वतःच थकली होती. तिने त्या कोऱ्या जागेवर पेनाचं टोक ठेवलं आणि विचारलं, की तेक्लाबाई, ही सहा वर्षं गेली कुठे?

आता यावर काय सांगणार? शेजारच्या गेनोवेफा म्हातारीला तिने चार वर्षं भरवलं, न्हाऊमाखू घातलं. तिची मुलं जर्मनीतून हातखर्चाला पाठवत, पण त्याचा कागद नाही. वसंतात म्हातारी गेली, तिच्या घराला कुलूप लागलं. तेक्ला म्हणाली, घरीच होते. सानिताने मान हलवली आणि 'घरी' असं लिहायला घेतलं. तो शब्द लिहिला जाताना बघून तेक्लाला काय झालं कोण जाणे. तिच्या तोंडून निघून गेलं, "नकाशे काढते मी. इंटरनेटवर. फुकट."

सानिताचं पेन थांबलं. मग तेक्लाला सगळं सांगावंच लागलं. जगात कुठे पूर आला, भूकंप झाला, की उपग्रहाचे फोटो येतात. त्या फोटोंतल्या प्रत्येक घराभोवती रेघ मारायची, म्हणजे मदत घेऊन जाणाऱ्यांना कळतं घरं कुठे आहेत, वाटा कुठे आहेत. फोटोचे चौकोन पाडलेले असतात. एकेकाने एकेक चौकोन घ्यायचा. आजवर अकरा हजारांच्या वर घरं झाली.

"अकरा हजार?" सानिता म्हणाली. "आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

गंमत बघा, ती बाई उठून दारापर्यंत गेली आणि आत ओरडून कोणाला तरी म्हणाली की ती ओल्शीची जागा अजून भरू नका. जिल्ह्याच्या पालिकेला एक माणूस हवा होता. विमानातून काढलेल्या फोटोंवरून आपल्याच भागातली घरं नोंदवायची, कोणतं उभं आहे, कोणतं पडलं. काम तीन वर्षांचं, ओल्शीच्या वाचनालयात बसून करायचं. एल्विताला, म्हणजे वाचनालयवालीच्या मुलीला, त्यांनी नाही म्हटलं होतं, कारण तिने दोन वर्षं इंटरनेटवर कंपन्यांसाठी चित्रांना नावं देण्याचं काम केलं खरं, पण कोणासाठी केलं याचा तिच्याकडे पुरावा नव्हता. नुसतं तोंडाने सांगितलेलं चालत नाही, सानिता म्हणाली. हल्ली फुकटची सेवासुद्धा अनुभव म्हणून धरतात, पण संस्थेचा कागद हवा, त्यावर नाव हवं, तास हवेत. शुक्रवारी दुपारपर्यंत आणा.

तेक्ला हो म्हणाली आणि बसमध्ये येऊन बसली. कागदावर नाव हवं, असं म्हणाली होती ती. आणि नाव तर दोनातचं होतं.

दोनात तिचा नवरा. दुधाची गाडी चालवायचा. संकलन केंद्र बंद झालं, हृदयाने दगा द्यायला सुरुवात केली, तेव्हा डॉक्टरांनी त्याला घरी बसवलं. घरी बसून दोनातसारखा माणूस वेडाच व्हायचा. वाचनालयात कोणीतरी त्याला हे नकाशांचं दाखवलं आणि दोन वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही. आयुष्यात लुद्झाच्या पलीकडे फारसा न गेलेला माणूस मोझांबिकच्या नदीकाठची घरं काढत बसायचा आणि झाडं मध्ये आली की झाडांना शिव्या द्यायचा. चौकोन संपला की नकाशे काढणाऱ्यांच्या मंडळाला दोनच शब्द लिहायचा, "झालं. बघा." बायकोशीही साधारण तेवढंच बोलायचा.

मार्चमध्ये एका सकाळी ती कोंबड्यांना घालून आत आली तर तो खुर्चीत तसाच होता, हात माऊसवर. पडद्यावर एक घर अर्धवट राहिलं होतं. तीन कोपऱ्यांवर ठिपके, चौथा नाही. रेघ चौथ्या कोपऱ्याकडे निघाली होती आणि मध्येच लोंबकळत होती.

दफन झालं. वन्सं आनेला आयर्लंडहून आली, रडली, परत गेली. नवव्या दिवशी तेक्लाने कॉम्प्युटर चालू केला, तो बंद कसा करायचा हे तिला नीट कळत नव्हतं म्हणून. पडद्यावर आलं, "स्वागत, दोनात. परत आलास, बरं वाटलं." ती उभीच राहिली. त्याला परत आलास म्हणणारं जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं. खाली सूचना होती की तुझा एक चौकोन अपुरा आहे. अपुरं ठेवायचं नाही, ही तिची शाळेच्या स्वयंपाकघरातली सवय. तिने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, खुर्चीच्या बाजूला ठेवलं, आडवा हात घालून माऊस धरला आणि चौथ्या कोपऱ्यावर ठिपका दिला. घर बंद झालं. मग शेजारचं घर केलं. मग त्याच्या शेजारचं. आणि शेवटी, दोनात लिहायचा तसंच लिहिलं, "झालं. बघा."

तेव्हापासून सहा वर्षं हे असं चाललं होतं. खुर्चीत ती कधी बसली नाही. स्टुलावर तिरपं बसून, मान वाकडी करून काम करायची. त्या मानेचं दुखणं जायचं नाव घेत नव्हतं. चूल तापली की खुर्चीचं लाकूड करकरायचं, तेव्हा ती न बघताच म्हणायची, हो, दिसलंय मला ते घर. मांजर घरभर लोळायचं, पण त्या खुर्चीवर चढायचं नाही. याचा अर्थ लावायला तेक्ला गेली नाही, आपणही नको लावूया.

पितरांचा काळ आला, ऑक्टोबरात, की सासूबाईंनी शिकवल्याप्रमाणे ती ताट वाढायची. करडे वाटाणे आणि डुकराचं मांस, जवाची लापशी, राय नावाच्या धान्याचा पाव, पेलाभर बिअर. दार किलकिलं ठेवायचं, गप्प बसायचं. शेवटी घरच्या माणसाने उठून पितरांना मोठ्याने निरोप द्यायचा असतो, की खाल्लंत, प्यालात, आता जा. सासूबाई बजावून सांगायच्या, बोलावणं सोपं असतं पोरी, निरोप द्यायला विसरू नकोस, नाहीतर त्यांना वाट सापडत नाही आणि तुलाही सुख लागत नाही. तेक्ला ताट वाढायची. निरोपाचे शब्द मात्र सहा वर्षांत एकदाही बोलली नव्हती. विसरली होती असं कोणी समजू नये.

बसमधून उतरून घरी आली तोच आनेलाचा फोन. आयर्लंडमध्ये मश्रूमच्या शेडमध्ये ती मुकादम होती आणि तिने वहिनीसाठी जागा धरून ठेवली होती. नोव्हेंबरपासून या, राहायला खोली आहे, सहा जणींत. घराला कुलूप लावा, खिडक्यांना फळ्या ठोका. तिचं बोलणं चुकीचं नव्हतं. ओल्शीत अर्ध्या खिडक्यांना फळ्याच होत्या. तेक्लाने रविवारपर्यंत मुदत मागितली. आनेला म्हणाली, "वहिनी, तिथे आता कोण आहे तुमचं, ज्याला विचारायचंय?"

तेक्लाने खुर्चीकडे पाहिलं आणि फोन ठेवला.

मंडळाचं काम पाहणारा आमादेउ पोर्तुगालमध्ये राहायचा. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, भाषांतराच्या मशीनला हाताशी धरून, तिने लिहिलं की कागद हवा आहे. तासाभरात उत्तर आलं. दोनात, मित्रा, तुला नाही द्यायचा तर कोणाला! फक्त एक काम कर. हल्ली लोक खोटे कागद काढून नोकऱ्या मिळवतात म्हणून नियम झालाय, की पाच मिनिटं कॅमेऱ्यासमोर यायचं, ओळखपत्र दाखवायचं. गुरुवारी अकराला. आठ वर्षांनी तुझं तोंड तरी बघू दे!

ही मात्र पंचाईत झाली. ती एल्विताकडे गेली. पोरगी हुशार, जगाला चांगलीच वैतागलेली. सगळं ऐकून म्हणाली, काकू, तुम्ही उगाच घाबरताय. दुसऱ्या कोणाचा तरी जुना कागद मी मिळवते, त्यावर तुमचं नाव घालते, दहा मिनिटांचं काम आहे. त्या कचेरीतली कोण पोर्तुगालला फोन करणार आहे? मग जरा आवाज चढवून म्हणाली, की मी दोन वर्षं डोळे फोडून काम केलं, ते यांना दिसलं नाही. खोटं त्यांना नक्की दिसेल, कारण त्यावर शिक्का असेल.

तेक्लाला मोह पडला नाही असं नाही. काम तर खरंच तिचं होतं. अकरा हजारांतली नऊ हजार घरं तिने मान मोडून काढली होती, मग त्यात खोटं ते काय? रात्रभर ती हाच हिशेब मांडत राहिली. आणि पहाटे तिच्या लक्षात आलं की आपल्याला भीती खोट्याची नाहीच आहे. भीती आहे ती खरं सांगण्याची. ओल्शीत दोनातला पुरून सहा वर्षं झाली होती, पण तिकडे तो जिवंत होता. ब्राझीलमधली एक मुलगी त्याला नाताळाला पत्र लिहायची. केनियातला एक मास्तर त्याला दादा म्हणायचा. त्याच्या नावापुढे रोज सकाळी हिरवा दिवा लागायचा, दोनात हजर आहे. गुरुवारी अकराला ती तोंड उघडणार आणि तो मरणार. या वेळी तिच्या हातून.

एल्विताचा कागद घेतला असता तर दोनात वाचला असता. पण मग तेक्ला सहा वर्षं कुठे होती? त्या कोऱ्या रकान्यात, घरी. बाईला पहिल्यांदाच राग आला. कोणाचा ते तिलाही धड कळेना. थोडा दोनातचाही असावा. मेला होता तरी काम सगळं त्याच्याच नावावर जमा होत होतं.

गुरुवारी तिने केस विंचरले, चर्चला घालायचा निळा पोशाख अंगावर चढवला आणि सवयीने स्टुलावर बसली. अकराला घंटी वाजली. तिने बटण दाबलं. पडद्यावर एक टकला, गोल चेहऱ्याचा माणूस आला, हसत हात हलवत. मग त्याचं हसू जरा ओसरलं. तो पडद्याच्या जवळ आला.

"दोनात? आवाज येतोय का? मला फक्त खुर्ची दिसतेय."

कॅमेरा खुर्चीवर रोखलेला होता. दोनातनेच तो तसा बसवला होता, स्वतःच्या उंचीला. बाजूच्या स्टुलावर बसलेली तेक्ला त्यात येतच नव्हती. छोट्या चौकटीत तिलाही तेच दिसलं जे पोर्तुगालमध्ये दिसत होतं, तिचं घर, तिची खिडकी आणि मधोमध रिकामी खुर्ची, पाठीची गादी अजून त्याच्या पाठीएवढी दबलेली. सहा वर्षांत तिने त्या खुर्चीकडे असं समोरून पाहिलंच नव्हतं.

"खुर्ची रिकामीच आहे," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली."

आमादेउला वाटलं असावं, भाषेत काही चुकतंय. त्याने विचारलं, कोण बोलतंय? आता उत्तर द्यायचं तर चौकटीत यायला हवं होतं. ती उठली. खुर्चीच्या हातांना धरून उभी राहिली, इतका वेळ की पलीकडच्याने दोनदा हाक मारली. मग बसली. लाकूड करकरलं. एवढी वर्षं ती ज्या आवाजाला उत्तर देत होती तो आता तिच्याच वजनाने निघाला होता, आणि तिला रडू फुटलं.

तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. नाव तेक्ला, दोनातची बायको. तो मार्चमध्ये गेला, चौकोन अर्धा राहिला होता, तो पुरा केला आणि मग थांबता आलं नाही. फसवायचं नव्हतं कोणाला. तिने ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरलं.

आमादेउने ओळखपत्र वाचलं. चेहरा पडला होता त्याचा. मग म्हणाला, "माझे वडील गेले तेव्हा मी दोनातला लिहिलं होतं. बाकी कोणालाच नाही. उत्तर कोणी दिलं?"

"मी दिलं."

"थंडी सांभाळ, आणि त्यांचा चहाचा पेला लगेच उचलू नकोस, असं लिहिलं होतं."

"मीच ते."

त्याने डोळे चोळले. म्हणाला, मला एक दिवस द्या. आणि पडदा काळा झाला. शुक्रवार दुपारची मुदत त्याला सांगायची राहूनच गेली, आणि सांगितली असती तरी कोणत्या तोंडाने?

त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही. पेटी खाली काढली आणि आयर्लंडला न्यायचे लोकरी मोजे मोजून आत ठेवले. शुक्रवारी सकाळी सात वाजता कॉम्प्युटर लावला तर स्वागताची ओळ आलीच नाही. दोनातच्या नावापुढे राखाडी ठिपका होता आणि एक तारीख, सहा वर्षांपूर्वीच्या मार्चची. त्याखाली निरोपांची रांग लागली होती. ब्राझीलची मुलगी, केनियाचा मास्तर, आणखी कितीतरी, नावं वाचताही येईनात अशी. ओल्शीत दफनाला सतरा माणसं आली होती. इथे दोनशेच्या वर होती आणि अजून येतच होती.

आमादेउचं पत्र वेगळं होतं. लिहिलं होतं, की मी रात्रभर रागावलो होतो, अजून थोडा राग आहे. माझा मित्र सहा वर्षांपूर्वी गेला आणि मला काल कळलं. पण माझ्या वडिलांच्या वेळी जे माणूस माझ्याशी बोललं ते तुम्ही आहात, हेही खरं आहे, आणि या दोन्हीचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. कागद दोन केले आहेत. प्रत्येक ठिपक्याची वेळ आमच्याकडे असते, म्हणून वाटणी करता आली. एकच घर अडलंय. त्याचे तीन कोपरे दोनातचे, चौथा नऊ दिवसांनंतरचा. ते कोणाच्या कागदावर लावू?

तिने लिहिलं, त्याच्या.

दुपारी बाराच्या आत सानितासमोर कागद होता. तेक्ला, नऊ हजार दोनशे चाळीस घरं, सहा वर्षं सात महिने. सानिताने फॉर्म उघडला, 'घरी' या शब्दावर रेघ मारली आणि तिथे ते सगळं लिहून काढलं. जागा अपुरी पडली, तर मागच्या बाजूला लिहिलं. मग म्हणाली, पहिल्या आठवड्यात तुमच्याच गल्लीपासून सुरुवात करा, फोटो आले आहेत. तेक्लाने विचारलं, एल्विताला असा कागद मिळवता येणार नाही का? सानिता म्हणाली, तिच्या कंपन्या पत्राला उत्तरच देत नाहीत, मी तीनदा लिहिलंय.

आनेलाला तिने रविवारी फोन करून नाही म्हणून सांगितलं. वन्सं जरा फुरंगटल्या. मग म्हणाल्या, बरंच झालं, दादाचं घर उघडं राहील.

पितरांच्या काळाचा तो शेवटचा दिवस होता. पाचलाच अंधारायला लागलं. तेक्लाने ताट वाढलं, वाटाणे, लापशी, पाव, बिअर, आणि दार किलकिलं केलं. ताट टेबलावर ठेवून ती स्वतः कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसली, कारण यापुढे मंडळाचे नकाशे तिथेच बसून काढायचे होते, सवय व्हायला हवी होती. तिला पाठीमागे गादी दबलेली लागत होती. बाहेर गेनोवेफाच्या अंगणात पानं सरसरत होती. मांजर आलं, थोडं थांबलं आणि उडी मारून तिच्या मांडीवर बसलं.

बिअरवरचा फेस बसेपर्यंत ती गप्प राहिली. मग मांजराला खाली ठेवून उठली, दार पूर्ण उघडलं आणि सासूबाईंनी शिकवले होते ते शब्द मोठ्याने बोलली.

"खाल्लंस, प्यालास. आता जा. रायच्या शेतातून जाऊ नकोस, पेरणी झालीय. वाटेने जा." आणि थोडं थांबून, स्वतःच्या मनचं म्हणाली, "झालं, दोनात. बघ."

थंडी आत यायला लागली तरी तिने दार बराच वेळ लावलं नाही.